काचेवरचा तुकडा मुंबईला दाखवा, पेशंटला एसटीत बसवू नका

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार,

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर एक बातमी होती की आता तालुक्याच्या दवाखान्यात काढलेला एक्सरे आणि सीटी स्कॅन मोठ्या शहरातले डॉक्टर कॉम्प्युटरवर बघून लगेच रिपोर्ट देतात आणि त्यामुळे पेशंटची धावपळ वाचते. बातमी वाचून बरं वाटलं, खरंच चांगली सोय आहे ती. पण वाचता वाचता मनात एकच आलं की फोटो फक्त छातीचा आणि डोक्याचाच जातोय, गाठीतून काढलेल्या तुकड्याचा का जात नाही? सीटीत दिसते ती सावली, ती सावली कॅन्सरची आहे का टीबीची का नुसत्या सुजेची, हे शेवटी ठरतं ते तुकडा तपासूनच. आणि त्या तुकड्याबद्दल पेपरात कोणी काही लिहीत नाही म्हणून म्हटलं आपणच लिहावं. पत्र मोठं झालंय, त्याबद्दल आधीच माफी मागते, पण शक्य असेल तर कापू नका.

मी मराठवाड्यातल्या एका हॉस्पिटलच्या हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं टेक्निशियन आहे. रक्त-लघवीची लॅब सगळ्यांना माहीत असते, आमची लॅब लोकांना माहीत नसते कारण पेशंट आमच्यापर्यंत येतच नाही, त्याचा फक्त तुकडा येतो. तोंडातल्या जखमेचा, स्तनातल्या गाठीचा, गर्भाशयाच्या मुखाचा, आतड्याचा. डब्यातून येतो, फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला, म्हणजे तुकडा सडू नये म्हणून जे औषधी पाणी वापरतात त्यात. डॉक्टर मॅडम तो बघून, मोजून, हवे तिथले काप घेऊन छोट्या प्लास्टिकच्या कॅसेटमध्ये ठेवतात, मग रात्रभर तो मशीनमध्ये अल्कोहोल, झायलीन आणि शेवटी पातळ मेण यांच्यातून जातो. सकाळी मी त्याचा मेणाचा ब्लॉक बनवते, बर्फावर गार करते आणि मायक्रोटोम नावाच्या कापायच्या मशीनवर कापते. तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचे वीस भाग केले तर त्यातला एक, एवढा पातळ. तो काप कोमट पाण्यावर सोडला की हळूहळू पसरतो, सुरकुत्या जातात आणि मग काच तिरकी पाण्यात घालून दुधावरची साय उचलावी तसा अलगद वर घ्यायचा. हात थोडा जरी हलला तरी घडी पडते आणि नेमकी त्या घडीखाली ती जागा असते जी डॉक्टरांना बघायची असते. नंतर तो रंगवायचा, पेशींची केंद्रं निळी-जांभळी होतात, बाकीचं गुलाबी. बावीस वर्षं झाली तरी रंगवलेली स्लाईड खिडकीच्या उजेडात धरून बघायची सवय गेली नाही. डोळ्यांना नुसता गुलाबी डाग दिसतो, नखाएवढा. पण त्या डागावर एका माणसाचं ऑपरेशन, केमो, सगळं आयुष्य ठरणार असतं.

आता मूळ मुद्दा. आमच्याकडे रिपोर्ट झाला आणि कॅन्सर निघाला किंवा मॅडमना शंका वाटली, की बरेचसे पेशंट मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जातात. आणि तिथे बाहेरचा रिपोर्ट नुसता कागदावर चालत नाही, स्लाईड आणि ब्लॉक घेऊन या असं सांगतात, तिथले पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे तुकडा तपासून निदान करणारे डॉक्टर, स्वतः बघून खात्री करतात आणि मगच ट्रीटमेंट ठरवतात. यात त्यांचं काहीच चुकत नाही, उलट हेच बरोबर आहे, कारण चुकीच्या निदानावर केमो देणं म्हणजे माणसाचा जीव टांगणीला लावणं. पण हे ब्लॉक जातात कसे? तर पेशंटचा मुलगा, जावई, नाहीतर पेशंट स्वतः आमच्या खिडकीवर येतो, रजिस्टरमध्ये सही करतो, मी त्याला ब्लॉक आणि स्लाईडचा डबा देते आणि तो रात्रीच्या एसटीने नाहीतर रेल्वेच्या जनरलच्या डब्यात बसून मुंबईला जातो.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट सांगते. साठीचे एक काका आले होते, गालाच्या आतल्या बाजूला जखम, तंबाखू लहानपणापासून. सोबत कोणी नव्हतं. मी त्यांना दोन ब्लॉक प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिले, त्यांनी ती पिशवी रुमालात गुंडाळली आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली. मी म्हटलं काका खिशात नको, मेण आहे, उन्हाने मऊ पडतं, पिशवीत पाण्याच्या बाटलीला लागून ठेवा. (हे मी सगळ्यांनाच सांगते कारण एकदा एकाने ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला आणि दुपारपर्यंत मेण वितळून पिशवीला चिकटलं होतं.) काकांनी तो रुमाल परत सोडला, ब्लॉक हातात घेतला, बराच वेळ बघत राहिले आणि विचारलं, "ताई, ह्याच्यातच माजा आजार हाय व्हय?" मी म्हटलं हो काका, याच्यातच आहे. तर म्हणाले, "मग हेवढंच धाडलं तर नाय का भागायचं? मला कशाला बोलावत्यात?"

मला त्यांना नीट उत्तर देता आलं नाही. म्हणजे उत्तर होतं, ट्रीटमेंटसाठी माणूस लागतोच, तपासावं लागतं, स्कॅन लागतात. पण पहिल्या खेपेला, नुसतं निदान पक्कं करायला, काकांनी का जावं? शेतातलं काम टाकून, उधारीचे पैसे घेऊन, मुंबईत फुटपाथवर नाहीतर कुठल्या धर्मशाळेत आठ-दहा दिवस काढून? काकांनी जे विचारलं त्याचं उत्तर जगाकडे आहे आणि ते नवीनसुद्धा नाही.

त्याला टेलिपॅथॉलॉजी म्हणतात. शब्द अवघड वाटतो पण अर्थ सोपा, मायक्रोस्कोपखाली जे दिसतं ते चित्र लांबच्या पॅथॉलॉजिस्टला दाखवायचं. 1986 साली अमेरिकेत डॉ. रोनाल्ड वाइनस्टीन यांनी याचं जाहीर प्रात्यक्षिक केलं होतं, टेक्सासमधल्या एल पासो शहरात स्लाईड आणि वॉशिंग्टनमध्ये बसलेला पॅथॉलॉजिस्ट, मधे सॅटेलाईट, आणि तिथून तो मोटरवर चालणारा मायक्रोस्कोप हलवून बघत होता. त्यानंतर तीन वर्षांनी, 1989 मध्ये, नॉर्वेने हे रोजच्या कामात आणलं. त्यांच्या अगदी उत्तरेला किर्केनेस नावाचं छोटं गाव, तिथल्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट नाही, आणि सुमारे 400 किलोमीटरवर ट्रोम्सोचं युनिव्हर्सिटी हॉस्पिटल. तर किर्केनेसला पेशंट टेबलावर भूल देऊन झोपवलेला असताना तुकडा काढायचा, तिथेच गोठवून कापायचा, रंगवायचा आणि ट्रोम्सोतल्या डॉक्टरने पडद्यावर बघून सांगायचं की कॅन्सर आहे का नाही, पुढे किती कापायचं. याला फ्रोझन सेक्शन म्हणतात, वीस-तीस मिनिटांत उत्तर द्यावं लागतं, सगळ्यात टेन्शनचं काम आहे आमच्या क्षेत्रातलं. ते त्यांनी त्या काळी करून दाखवलं. आपल्याकडे तेव्हा गावात एक एसटीडी बूथ असायचा.

पण नॉर्वे कशाला, आपल्या बार्शीचंच सांगते ना. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल यांच्यात टेलिपॅथॉलॉजी होती आणि त्याचे अनुभव 2004 साली भारतातल्या मेडिकल जर्नल्समध्ये छापून आलेत. बार्शीला स्लाईडचे मायक्रोस्कोपमधून फोटो काढायचे, कॉम्प्युटरवरून मुंबईला पाठवायचे आणि तिकडून मत यायचं. बार्शी हे काही मोठं शहर नाही, भगवंताचं देऊळ आणि धान्याची बाजारपेठ म्हणून लोक ओळखतात. पण कॅन्सरच्या कामात बार्शी फार पुढे आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी 1987 साली बार्शीत सुरू झाली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचं धाराशिव) 1,31,746 बायकांवर जो अभ्यास झाला, ज्यात गावांचे 52 गट केले होते, त्याचे निष्कर्ष 2009 साली जगातल्या सगळ्यात मोठ्या मेडिकल जर्नलपैकी एकात आले, त्या कामातही बार्शीच होतं. म्हणजे आपल्या भागातल्या बायकांनी तपासण्या करून घेतल्या आणि त्याचा उपयोग सगळ्या जगाला झाला. मला हे आठवलं की अभिमान वाटतो आणि लगेच वाईट पण वाटतं, की वीस वर्षांपूर्वी बार्शीतून स्लाईडचा फोटो मुंबईला जात होता आणि आज माझ्या खिडकीतून अजून ब्लॉक रुमालातच जातोय.

तेव्हाच्या पद्धतीत एक कच्चा दुवा होता तो पण सांगायला हवा. तेव्हा स्लाईडचे निवडक फोटो जायचे. म्हणजे इकडच्या डॉक्टरने जी जागा निवडली तीच तिकडच्याला दिसणार, आणि नेमकी महत्त्वाची जागा इकडच्याच्या नजरेतून सुटली असेल तर तिकडचा कितीही मोठा तज्ज्ञ असला तरी काय करणार. आता तसं राहिलं नाही. आता स्लाईड स्कॅनर आलेत, ते अख्खी काच स्कॅन करतात, कोपरान् कोपरा. दीड सेंटीमीटर लांब-रुंद तुकडा धरला आणि मोठ्या लेन्सने, म्हणजे चाळीसच्या पॉवरने स्कॅन केला तर एका पिक्सेलमध्ये पाव मायक्रॉन बसतो, असे एका बाजूला 60,000 पिक्सेल आणि दुसऱ्या बाजूला 60,000, म्हणजे एकूण 360 कोटी. तुमच्या मोबाईलचा कॅमेरा 50 मेगापिक्सेलचा असेल तर असे 72 फोटो एकमेकांना जोडल्यासारखं एक चित्र, नखाएवढ्या तुकड्याचं. दाबून लहान केली तरी एकेक फाईल कधी काहीशे एमबी, कधी जीबीच्या वर.

लोक लगेच म्हणतात एवढी मोठी फाईल आमच्या गावच्या इंटरनेटवर कशी जाणार. तर ती सगळीच्या सगळी एकदम बघावी लागत नाही. मोबाईलवर आपण नकाशा उघडतो तेव्हा सगळ्या महाराष्ट्राचा नकाशा फोनमध्ये उतरत नाही ना, आधी लांबून जिल्हा दिसतो, मग बोटाने मोठं करत गेलं की फक्त तेवढाच भाग, आपली गल्ली, आपलं घर. हे तसंच आहे. चित्र थरांमध्ये ठेवलेलं असतं, मुंबईचे डॉक्टर जिथे जवळून बघतील तेवढाच चौकोन त्यांच्या पडद्यावर येतो. आणि स्कॅन झालेल्या फाईली रात्री जेव्हा नेट रिकामं असतं तेव्हा सर्व्हरला चढवता येतात. वीज हा खरा प्रश्न आहे, तो मी नाकारत नाही, पण वीज नसली तर आमचा प्रोसेसर, म्हणजे तुकडे रात्रभर ज्यातून जातात ते मशीन, पण बंद पडतो आणि त्यासाठी जनरेटर लावलेलाच आहे.

दुसरी शंका, आणि ही आमच्या क्षेत्रातले जुने डॉक्टरसुद्धा घेतात, की पडद्यावर बघणं आणि मायक्रोस्कोपमधून बघणं सारखं असतं का. बरोबर शंका आहे. हे अमेरिकेत नीट तपासून झालंय. 1,992 केसेस, 16 पॅथॉलॉजिस्ट, तीच केस मायक्रोस्कोपवर आणि तीच मधे वेळ सोडून पडद्यावर, आणि मूळ निदानाशी मोठा फरक किती वेळा पडला ते मोजलं. मायक्रोस्कोपवर 4.6 टक्के, पडद्यावर 4.9 टक्के. म्हणजे जवळपास सारखंच, आणि हे पण लक्षात घ्या की मायक्रोस्कोपवरसुद्धा शंभरातल्या चार-पाच केसमध्ये मोठं मतांतर होतंच, म्हणून तर दुसरं मत लागतं. त्याच सुमाराला, 2017 मध्ये, तिकडच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याने, पहिल्यांदा अशा यंत्रणेला थेट निदानासाठी मान्यता दिली. आणि आपल्याकडे कोविडच्या लॉकडाऊनमध्ये टाटाच्या पॅथॉलॉजिस्टनी स्कॅन केलेल्या स्लाईड घरी बसून बघून बायोप्सीचे, म्हणजे तपासायला काढलेल्या तुकड्यांचे, रिपोर्ट दिले आहेत. जर मुंबईतला डॉक्टर मुंबईतली स्लाईड आपल्या घरातून बघू शकतो तर आमची का नाही? नेटला परळ आणि परभणी सारखंच.

सगळं पडद्यावर होतं असंही मी म्हणत नाही. सुईने पाणी किंवा पेशी ओढून काचेवर पसरून जे स्मिअर करतात ते जाडसर असतात, पेशी एकावर एक असतात, मायक्रोस्कोपवर आपण फोकस खालीवर करत बघतो, स्कॅनरला तसं करायला जास्त थर स्कॅन करावे लागतात आणि फाईल अजून मोठी होते. आणि काही कॅन्सरचा प्रकार ठरवायला आयएचसी लागते, खास टेस्ट असतात ब्लॉकवर करायच्या, त्या आमच्याकडे सगळ्या होत नाहीत, त्यासाठी ब्लॉक पाठवावाच लागेल. पण ते नंतर. आधी चित्र बघून मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की याला अमुक आयएचसी हवी, तर ब्लॉक कुरियरने जाईल, माणूस घरी राहील. कितीतरी केसेसमध्ये नुसतं चित्र बघूनच म्हणतील की हो, तुमचं निदान बरोबर आहे, चालू करा जवळच्या सेंटरला. तसा माणूस मुंबईला जाईलच कशाला?

आता जे लिहिणार आहे ते मला सगळ्यात जास्त सांगायचंय. स्कॅनर आणला म्हणजे झालं असं नाही. स्कॅनर आहे ते दाखवतो, नाही ते त्याला दाखवता येत नाही.

माझ्या सख्ख्या मावशीचं सांगते. स्तनात गाठ होती, एका खाजगी दवाखान्यात बायोप्सी केली, दवाखान्याचं नाव घेत नाही. तुकडा माझ्याकडे आला दोन दिवसांनी, औषधाच्या रिकाम्या बाटलीत, आणि आत फॉर्मॅलिन नव्हतं, सलाईन होतं. झाकण उघडलं तेव्हा वासावरूनच समजलं. फॉर्मॅलिन नाकात जातं, डोळ्यात पाणी आणतं, आणि सडलेल्या मांसाचा वास पण आम्हाला ओळखता येतो. तरीही मी ब्लॉक केला, कापला, रंगवला, हात थरथरत होता. स्लाईड खिडकीत धरली तर रंग फिका, मायक्रोस्कोपखाली पेशींच्या केंद्रांच्या जागी नुसत्या पुसट सावल्या. मॅडमनी रिपोर्टवर लिहिलं, तुकडा खराब झाल्यामुळे मत देता येत नाही, पुन्हा बायोप्सी करा. मावशी घाबरली, म्हणाली परत सुई टोचू देणार नाही, तिला समजावण्यात तीन आठवडे गेले. दुसऱ्यांदा मी स्वतः डबा घेऊन गेले, फॉर्मॅलिन भरून. कॅन्सरच निघाला. आज मावशी बरी आहे, शेतावर जाते. पण ते तीन आठवडे मला आठवतात.

दहा-पंधरा रुपयांचं फॉर्मॅलिन. तुकड्याच्या दहापट घ्यायचं, लगेच बुडवायचं, डब्यावर नाव आणि वेळ लिहायची, एवढंच. स्तनाच्या गाठीत तर हार्मोनची टेस्ट बरोबर यायची असेल तर तुकडा कमीत कमी सहा तास आणि जास्तीत जास्त बहात्तर तास फॉर्मॅलिनमध्ये राहायला हवा असा जगभर नियम आहे. ते जर झालं नाही तर माझा मायक्रोटोम काही करू शकत नाही, लाखांचा स्कॅनर काही करू शकत नाही आणि मुंबईच्या कुठल्याही डॉक्टरच्या पडद्यावर त्या पुसट सावल्याच दिसणार आहेत.

म्हणून माझं म्हणणं आहे की ज्या दिवशी जिल्ह्यात स्कॅनर बसवायचा विचार होईल त्याच दिवशी तालुक्याच्या प्रत्येक ऑपरेशन थिएटरमध्ये भरलेले, लेबल लावलेले फॉर्मॅलिनचे डबे पण पोचायला हवेत. आणि लॅबमध्ये हात हवेत. आमच्याकडे दोन टेक्निशियनचं काम मी एकटी करते, दुसरी जागा कित्येक वर्षं रिकामी आहे, आणि घाईत कापलेल्या स्लाईडवर घडी येते, ब्लेड जुनी असली की रेघा येतात, काच चिकटवताना बुडबुडा राहतो. माणसाचा डोळा बुडबुड्याच्या बाजूने बघून घेतो पण स्कॅनरचा फोकस तिथे फसतो आणि आजूबाजूचं सगळं धूसर येतं, मग परत काच काढा, परत चिकटवा, परत स्कॅन करा. स्कॅनरवर काम करायचं म्हणजे माझ्या कामाचा दर्जा आजच्यापेक्षा वर न्यावा लागेल, त्याची मला भीती नाही, उलट शिकायची इच्छा आहे, पण शिकवा तरी कोणीतरी आणि सोबतीला माणूस द्या.

अजून एक गोष्ट, ती पॅथॉलॉजिस्टच्या सहीची. महाराष्ट्रात कित्येक वर्षं हा प्रकार चाललाय की लॅब एकीकडे, डॉक्टर दुसरीकडे, आणि रिपोर्टवर नुसती स्कॅन केलेली सही, डॉक्टरने स्लाईड बघितलेलीच नसते. डिसेंबर 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. मला भीती आहे की टेलिपॅथॉलॉजीच्या नावाखाली परत हाच धंदा सुरू होईल, एकेक डॉक्टर वीस वीस लॅबचे रिपोर्ट लांबून सही करतील. पण खरी यंत्रणा बसवली तर उलट हे पकडता येतं, कारण कॉम्प्युटरवर नोंद राहते की कोणत्या डॉक्टरने कोणती स्लाईड किती वाजता उघडली, कुठे कुठे बघितली, किती वेळ बघितली. काचेवर ही नोंद कधीच राहत नव्हती. ती नोंद ठेवणं सक्तीचं करा म्हणजे झालं. आणि पेशंटच्या नावाचं पण बघा. स्कॅनर नुसता तुकडा नाही, काचेच्या टोकाचं लेबल पण स्कॅन करतो, त्यावर आम्ही पेनने नाव लिहिलेलं असतं. गावातल्या एखाद्या मुलीच्या गर्भाशयाच्या बायोप्सीचं नाव असं उघडं फिरायला नको. नावाऐवजी बारकोड लावला की प्रश्न मिटतो, 2023 साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा पण आलाय, मग सुरुवातीपासूनच हे नीट करावं.

आणि कोणी असं समजू नये की यामुळे इथल्या पॅथॉलॉजिस्टची गरज संपेल. आमच्या मॅडम एकट्या आहेत, त्यांच्या शेजारी विचारायला कोणी नाही. मोठ्या हॉस्पिटलात अवघड केस आली की डॉक्टर शेजारच्या खोलीत जाऊन म्हणतात जरा हे बघ ना. मॅडमनी एकदा एका लहान मुलाच्या हाडातल्या गाठीची स्लाईड तीन दिवस टेबलावर ठेवली होती, रोज सकाळी परत बघायच्या, शेवटी मोबाईल मायक्रोस्कोपच्या भिंगाला लावून फोटो काढला आणि ओळखीच्या सरांना व्हॉट्सॲपवर पाठवला. म्हणजे टेलिपॅथॉलॉजी आजही चालूच आहे, फक्त मोबाईलवर, अंधुक फोटोवर आणि ओळखीवर. ज्या डॉक्टरची मुंबईत ओळख नाही त्याच्या पेशंटने काय करायचं?

2012 पासून टाटाच्या पुढाकाराने देशभरातल्या कॅन्सर हॉस्पिटल्सना एकमेकांशी जोडणारं जाळं, नॅशनल कॅन्सर ग्रिड, आहे. म्हणजे जोडायला दुसरं टोक तयार आहे. सध्या रिपोर्टची कागदपत्रं अपलोड करून ऑनलाईन मत मागता येतं, ते चांगलंच आहे, पण तिथे कागद जातो, तुकडा जात नाही. आपल्या विभागातल्या प्रत्येक सरकारी मेडिकल कॉलेजला एक स्कॅनर दिला, त्याला आजूबाजूच्या सिव्हिल हॉस्पिटलांच्या स्लाईड जोडल्या आणि तो या ग्रिडमधल्या पॅथॉलॉजिस्टांना दिसेल अशी व्यवस्था केली तरी पुष्कळ होईल. एका स्लाईडला दोन-चार मिनिटं लागतात. सीटी आणि एमआरआयच्या मशीनला जेवढे पैसे लागतात त्याच्यापुढे हे काहीच नाही, फक्त सीटीच्या मशीनसमोर फीत कापता येते, फोटो येतो, आमच्या लॅबकडे उद्घाटनाला कोणी येत नाही कारण तिथे फॉर्मॅलिनने डोळे झोंबतात.

तुमच्या पेपरला विनंती आहे की या विषयावर आमदार-खासदारांना आणि आरोग्य खात्याला विचारा, जिल्ह्यात बायोप्सीचा रिपोर्ट यायला किती दिवस लागतात, किती जागा रिकाम्या आहेत, किती लोक रिपोर्ट पक्का करायला मुंबईला जातात. आणि वाचकांना एक हात जोडून सांगणं आहे. घरात कोणाची गाठ काढणार असतील तर डॉक्टरांना आधीच विचारा की तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवणार ना. विचारायला लाजू नका. काढलेली गाठ "साधी दिसतेय" म्हणून कचऱ्यात टाकू देऊ नका, तपासायला द्याच. आणि मुंबईला ब्लॉक घेऊन जाणार असाल तर उन्हापासून जपा आणि काम झालं की परत आणून द्या, कारण दोन वर्षांनी आजार उलटला किंवा नवीन औषध निघालं तर त्याच ब्लॉकवर परत टेस्ट करावी लागते, तो एकच असतो.

त्या काकांची सही आमच्या रजिस्टरमध्ये आहे, 'ब्लॉक 2, स्लाईड 3, मिळाले'. शेजारचा 'परत जमा' चा रकाना अजून रिकामा आहे. दिलेला मोबाईल नंबर लागत नाही. त्यांच्या घरच्यांपैकी कोणी हे पत्र वाचलं तर लॅबच्या खिडकीवर या, दुपारी दोनपर्यंत मी असतेच. ब्लॉक नाही आणला तरी चालेल, काका कसे आहेत तेवढं सांगा.

आपली नम्र,
एक हिस्टोपॅथॉलॉजी टेक्निशियन, मराठवाडा
(हॉस्पिटलमध्ये नोकरी असल्यामुळे नाव छापू नये ही विनंती)